हिमकडे कोसळत आहेत—कोण पाहत आहे?

कल्पना करा, तुम्ही एका विस्तीर्ण, निळसर-पांढऱ्या भिंतीसमोर उभे आहात. ही भिंत बर्फाची आहे आणि तिची उंची पंधरा-वीस मजली इमारतीएवढी आहे. सभोवार विलक्षण शांतता आहे. इतक्यात बंदुकीचा बार उडावा तसा आवाज होतो. तुम्ही दचकून पाहता, पण काहीच हललेले दिसत नाही. क्षणभराने भिंतीच्या माथ्यावरून बर्फाचा चुरा गळू लागतो. मग एक अख्खा बुरुज, प्रथम अगदी सावकाश, पुढे झुकतो आणि खालच्या पाण्यात कोसळतो. त्याचा गडगडाट तुमच्या कानी येईपर्यंत लाट उसळलेली असते!

असे दृश्य प्रत्यक्ष पाहण्यासाठी लोक हजारो मैलांचा प्रवास करतात. अर्जेंटिना देशातील पेरितो मोरेनो ह्या हिमनदीसमोर त्यांच्याकरिता खास सज्जे बांधलेले आहेत. २८ मे, २००८ रोजी ग्रीनलंडमधील इलुलिसात येथे एका हिमनदीच्या टोकाचा प्रचंड भाग सलग ७५ मिनिटे तुटत राहिला. कित्येक दिवस थंडीवाऱ्यात तळ ठोकून बसलेल्या दोघा छायाचित्रकारांनी ही घटना चित्रित केली आणि २०१२ च्या ‘चेसिंग आइस’ ह्या चित्रपटामुळे ती जगभर पोहोचली. त्या सव्वा तासात सुमारे ७.४ घन किलोमीटर बर्फ समुद्रात गेला. तो सर्व वितळला असता तर आपल्या कोयना धरणात मावते त्याच्या दुपटीहूनही अधिक पाणी झाले असते.

अशी चित्रफीत पाहताना आपण थक्क होतो, आणि त्यात काही नवल नाही. तथापि, येथे एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. जो हिमकडा कोसळताना दिसला, तो कोसळण्याच्या तयारीत किती वर्षे होता? ती तयारी कोणी पाहिली होती काय? आणि पाहिली असल्यास, खाली दरीत राहणाऱ्या माणसांना कोणी काही सांगितले काय? ह्या प्रश्नांची उत्तरे शोधावयास आपल्याला ध्रुवप्रदेशात जावयास नको. ती आपल्याला हिमालयात मिळतील. आणि आश्चर्याची गोष्ट अशी, की त्यांचा काही भाग बर्फ कधीच न पडणाऱ्या बंगळूर शहरात मिळेल.

हिमनदी तुटते कशी?

हिमनदी ही नावाप्रमाणे खरोखरच एक नदी आहे. उंच पर्वतावर वर्षानुवर्षे पडलेला हिम स्वतःच्या भाराखाली दाबला जातो, त्यातील हवा निघून जाते आणि त्याचा घट्ट बर्फ बनतो. पुरेसा जाड झाला म्हणजे हा बर्फ उतारावरून हळूहळू वाहू लागतो. हिमालयातील पुष्कळ हिमनद्या वर्षाकाठी काही मीटर ते काही दशक मीटर एवढेच अंतर कापतात. गंगोत्रीची हिमनदी तर जवळजवळ ३० किलोमीटर लांब आहे.

हिमनदीची प्रकृती समजण्यासाठी बँकेतील खात्याचा विचार करा. वरच्या भागात हिमाची जमा होते; खालच्या भागात वितळून खर्च होतो. जमा आणि खर्च समसमान असेपर्यंत हिमनदीचे मुख जागच्या जागी राहते. परंतु हवा उबदार झाली, हिमाऐवजी पाऊस पडू लागला किंवा धुराच्या काजळीने बर्फ काळवंडून अधिक ऊन शोषू लागला, तर खर्च वाढतो. मग हिमनदी पातळ होते व तिचे मुख मागे हटू लागते.

हिमनदीचे टोक समुद्रात किंवा सरोवरात उतरलेले असल्यास आणखी एक गोष्ट घडते. पाणी त्या टोकाला खालून पोखरते. वरच्या भेगांत वितळलेले पाणी शिरते आणि त्या खोल खोल चिरत जातात. अखेरीस आधार सुटलेला भाग तुटून पडतो आणि हिमनग म्हणून तरंगू लागतो. त्याचा सुमारे नऊ दशांश भाग पाण्याखाली असतो. गाय वासराला जन्म देते त्या क्रियेसाठी इंग्रजीत जो शब्द आहे, तोच ह्या घटनेलाही लावतात. आपल्या शब्दांत सांगावयाचे तर हिमनदी ‘विते’. सशक्त हिमनदीच्या बाबतीतही हे घडते, म्हणून एखादा कडा तुटला एवढ्यावरून ती मरणपंथाला लागली असे म्हणता येत नाही. जेवढे तुटते तेवढे मागून भरून येत नाही, तेव्हा मात्र चिंतेचे कारण असते.

हिमालय समुद्रापासून दूर आहे. मग येथे हिमनद्या कशात तुटून पडतात? मागे हटणारी हिमनदी आपल्यापुढे दगडमातीचा एक बांध सोडून जाते. त्याला हिमोढ म्हणतात. हा बांध आणि हिमनदीचे मुख ह्यांमधील खळग्यात पाणी साचते आणि तेथे सरोवर बनते. ते पाणी हिमनदीला पोखरते, कडे तुटतात, सरोवर वाढते आणि वाढलेले सरोवर आणखी कडे तोडते. वरून मोठा कडा अथवा दरड पाण्यात पडल्यास लाट उसळते व बांधावर आदळते. हा बांध सिमेंटचा नसून सुट्या दगडमातीचा आणि काही ठिकाणी आत गोठलेल्या बर्फाचा असतो, हे ध्यानात घ्या. तो फुटला की सारे पाणी खालच्या गावांकडे धाव घेते.

बर्फ नसलेल्या शहरातील जागले

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथील आजवरचे नीचांकी तापमान १३ जानेवारी, १८८४ रोजी ७.८ अंश सेल्सिअस इतके नोंदले गेले होते. म्हणजे ह्या शहराच्या अंगणात पाणी कधी गोठलेले नाही. असे असूनही हिमालयाच्या बर्फावर नजर ठेवणारी माणसे ह्याच शहरात बसलेली आहेत.

मुंबईच्या जमशेटजी टाटांच्या दूरदृष्टीतून १९०९ मध्ये स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था येथे आहे. जुने बंगळूरकर तिला आजही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. तिच्या आवारातील दिवेचा हवामानबदल केंद्रात हिमनदीशास्त्रज्ञ अनिल कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनी हिमालयातील हिमनद्यांचा अभ्यास केला आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे, म्हणजे इस्रोचे, मुख्यालयही बंगळूरमध्येच आहे. १७ मार्च, १९८८ रोजी अंतराळात गेलेला आयआरएस-१ए हा भारताचा पहिला कार्यान्वित (प्रायोगिक नसलेला) दूरसंवेदन उपग्रह ह्या शहरातच तयार झाला. ‘करंट सायन्स’ हे विज्ञान-नियतकालिकही येथूनच निघते.

ही पाळत कशी ठेवली जाते, हे एका उदाहरणावरून पाहा. चिनाब, पार्वती व बास्पा ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील ४६६ हिमनद्यांची तुलना कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. एका बाजूला १९६२ चे जुने नकाशे होते. दुसऱ्या बाजूला भारतीय उपग्रहांची नवी चित्रे होती. २००७ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ह्या हिमनद्यांचे एकूण क्षेत्र २,०७७ चौरस किलोमीटरवरून १,६२८ चौरस किलोमीटरवर आले होते, म्हणजे २१ टक्के घट! गेलेले क्षेत्र जवळजवळ बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीएवढे भरते. शिवाय मोठ्या हिमनद्यांचे तुकडे पडून त्यांच्या लहान लहान हिमनद्या झाल्या होत्या, आणि लहान हिमनदी अधिक वेगाने आटते.

बर्फाची जाडी मोजण्याकरिता प्रत्येक हिमनदीवर चढून जाणे शक्य नसते. यास्तव शास्त्रज्ञ उपग्रहाच्या चित्रांवरून तिच्या पृष्ठभागाचा वेग आणि उतार मोजतात व त्यांवरून जाडी काढतात. जाडी कळली म्हणजे बर्फाखालचा तळ कोठे खोलगट आहे हेही कळते. हिमनदी मागे हटल्यावर तेथेच उद्याचे सरोवर बनणार असते. आज जे सरोवर अस्तित्वातच नाही त्याची जागा अशा रीतीने आज सांगता येते.

पूर्वी आपल्या गावगाड्यात जागल्या असे. गाव झोपलेले असताना त्याने जागे राहावयाचे आणि चाहूल लागताच हाळी द्यावयाची, हे त्याचे काम. बंगळूरचे हे अभ्यासक एका अर्थाने हिमालयाचे जागलेच नव्हेत काय? मात्र जागल्याने पाहिले एवढ्याने गाव वाचत नाही. त्याची हाळी घराघरांत ऐकू जावी लागते आणि ऐकणाऱ्याने उठावे लागते. ह्या साखळीतील एखादी कडी निसटली तर काय होते?

चामोली: ज्या भेगेकडे कोणाचे लक्ष नव्हते

७ फेब्रुवारी, २०२१ हा रविवार होता. उत्तराखंडच्या चामोली जिल्ह्यात सकाळी साडेदहाच्या सुमारास ऋषिगंगेच्या दरीतून धुळीचा व चिखलाचा एक लोट येताना गावकऱ्यांनी पाहिला. काहींनी तो फोनवर चित्रित केला. आपल्या वृत्तपत्रांतून दुसऱ्या दिवशी ‘हिमकडा कोसळला’ असे मथळे आले.

पुढे देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी उपग्रहांची चित्रे तपासली तेव्हा खरा प्रकार उमगला. रोंती शिखराच्या उतारावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ एकदम सुटला होता. त्यात खडकाचे प्रमाण सुमारे ८० टक्के आणि बर्फाचे २० टक्के होते. जवळपास १,८०० मीटर खाली आदळताना घर्षणाच्या उष्णतेने बर्फ वितळला आणि कोरड्या दरडीचा वाहता चिखल झाला. ऋषिगंगेवरील लहान वीजप्रकल्प नाहीसा झाला, तपोवन येथील बांधकाम गाडले गेले आणि दोनशेहून अधिक माणसे मृत किंवा बेपत्ता झाली. त्यांतील बहुतेक पोटासाठी आलेले मजूर होते.

परंतु सर्वांत अंतर्मुख करणारी गोष्ट पुढेच आहे. त्या उतारावर २०१६ पासून भेग रुंदावत होती आणि ती उपग्रहांच्या जुन्या चित्रांत दिसत होती! अर्थात, हजारो शिखरांतील नेमक्या ह्याच शिखराकडे पाहण्याची व्यवस्था नव्हती. पाच वर्षे चाललेली तयारी दुर्घटनेनंतर पाहिली गेली.

त्या सकाळी एक हाळी मात्र वेळेवर पोहोचली. वर गावात असलेल्या एका आईने तो लोट येताना पाहिला. तिचा मुलगा खाली तपोवनच्या प्रकल्पावर कामाला होता. तिने त्याला पुनःपुन्हा फोन करून वर पळावयास सांगितले, आणि त्याच्याबरोबर सुमारे दोन डझन सोबती वाचले असे त्यावेळी वृत्तपत्रांतून आले होते. तिच्यापाशी ना उपग्रह होता ना भोंगा. तिने पाहिले, तिला कळले आणि तिने लगेच सांगितले.

दक्षिण ल्होनाक: इशारा होता, पण भोंगा नव्हता

सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवराची गोष्ट वेगळी आहे. सुमारे ५,२०० मीटर उंचीवरील ह्या सरोवराकडे शास्त्रज्ञांचे पूर्वीपासून लक्ष होते. त्याला पाणी पुरवणारी हिमनदी झपाट्याने मागे हटत होती व तिचे कडे सरोवरात तुटून पडत होते. २०१३ मध्ये इस्रोच्या शास्त्रज्ञांनी बंगळूरच्या ‘करंट सायन्स’मध्येच लिहिले की, हे सरोवर फुटण्याची संभाव्यता ४२ टक्के इतकी आहे. २०१६ मध्ये काही धाडसी माणसांनी तेथे पोहोचून पाणी उपसणाऱ्या नळ्या बसवल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या पथकाने स्वित्झर्लंडच्या तज्ज्ञांसह तेथे कॅमेरे व हवामान-उपकरणे उभारली. खालच्या गावांना सावध करणारी यंत्रणा पूर्ण व्हावयाची मात्र बाकी होती.

३ ऑक्टोबर, २०२३ च्या रात्री दहाच्या सुमारास सरोवराच्या कडेच्या हिमोढाचा सुमारे १ कोटी ४७ लाख घनमीटर गोठलेला भाग पाण्यात कोसळला. जवळजवळ २० मीटर उंचीची लाट उठली आणि बांध फुटला. सुमारे ५ कोटी घनमीटर पाणी बाहेर पडले. मध्यरात्रीच्या सुमारास ते चुंगथांगला पोहोचले आणि १,२०० मेगावॅट क्षमतेच्या तीस्ता-३ प्रकल्पाचे धरण फुटून वाहून गेले. पुराचा परिणाम पार बांगलादेशापर्यंत ३८५ किलोमीटर जाणवला. पुढे झालेल्या अभ्यासात ५५ मृत व ७४ बेपत्ता अशी नोंद आहे.

इस्रोच्या उपग्रहाने २८ सप्टेंबर रोजी ह्या सरोवराचे क्षेत्र १६७.४ हेक्टर मोजले होते. ४ ऑक्टोबर रोजी तेच क्षेत्र ६०.३ हेक्टर भरले. ह्या दोन आकड्यांमधील अंतरात किती घरे, किती पूल आणि किती आयुष्ये वाहून गेली! जागल्याने दहा वर्षे आधी पाहिले होते व सांगितलेही होते. परंतु नियतकालिकाच्या पानावरील इशारा दरीत झोपलेल्या माणसाच्या उशाशी पोहोचावयाचा होता.

जेथे इशारा ऐकला गेला

अशा घटनेत मनुष्यहानी अटळच असते काय? स्वित्झर्लंडमधील ब्लाटेन ह्या गावाचे उदाहरण विचारात घ्या. मे २०२५ मध्ये गावाच्या वरच्या डोंगरावरून बर्च नावाच्या हिमनदीवर दगड पडू लागले. त्या भाराने हिमनदी वेगाने खाली सरकू लागली. अभ्यासक तिची गती मोजत होते. १९ मेपर्यंत सुमारे ३०० रहिवाशांना गाव सोडावयास सांगण्यात आले आणि ते निघाले. गुरेही हलवली गेली. नऊ दिवसांनी, २८ मे रोजी दुपारी, हिमनदी कोसळली आणि गावाचा जवळजवळ ९० टक्के भाग दगड-बर्फाखाली गेला. एका ६४ वर्षीय गृहस्थाचा मृत्यू झाला. एका माणसाचे जाणेही दुःखदच आहे. पण ते लोक आपापल्या घरांत थांबले असते तर?

अर्थात, एका लहान गावाच्या डोक्यावरील एका हिमनदीवर नजर ठेवणे आणि अफाट हिमालयावर ठेवणे ह्यांत पुष्कळ फरक आहे. एप्रिल २०२४ मध्ये इस्रोने दिलेल्या माहितीनुसार, भारतीय हिमालयातील नद्यांच्या खोऱ्यांत १० हेक्टरांपेक्षा मोठी २,४३१ सरोवरे २०१६-१७ मध्ये आढळली होती. त्यांपैकी ६७६ सरोवरे १९८४ पासून लक्षणीय वाढली आहेत आणि त्यांतील ६०१ तर दुपटीहून अधिक मोठी झाली आहेत. वाढलेल्यांपैकी १३० भारताच्या हद्दीत आहेत. हिमाचल प्रदेशातील घेपांग घाट सरोवर १९८९ मध्ये ३६.४९ हेक्टर होते. २०२२ मध्ये ते १०१.३० हेक्टर झाले. मनालीहून अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सू येथे सहलीला गेलेले आपले पुष्कळ मराठी पर्यटक ह्याच सरोवराच्या खालच्या दरीत छायाचित्रे काढतात, हे त्यांच्यातील कितीजणांना ठाऊक असेल?

पाहण्याचे साधन मात्र आता अधिक तीक्ष्ण झाले आहे. भारत व अमेरिका यांचा निसार उपग्रह बंगळूरमध्ये जोडला गेला आणि ३० जुलै, २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून अंतराळात गेला. रडारच्या साहाय्याने तो ढगांतून व अंधारातूनही पाहू शकतो. जगातील बहुतेक भूभाग व बर्फ दर १२ दिवसांत दोनदा पाहून जमिनीची काही सेंटिमीटरांची हालचालही टिपता यावी, अशी त्याची रचना आहे. रोंती शिखरावर होती तशी भेग ह्यापुढे नजरेआड राहू नये, ही आशा बाळगण्यास त्यामुळे आधार मिळतो. पण शेवटची कडी, म्हणजे गावातील भोंगा आणि तो ऐकून उठणारा माणूस, कोणताही उपग्रह पुरवू शकत नाही.

आपला काय संबंध?

तुम्ही कदाचित म्हणाल, ‘आम्ही दख्खनवासी! बंगळूरला पाणी कावेरीचे, आम्हाला गोदावरी-कृष्णेचे. ह्या नद्या पावसावर चालतात. हिमालयातील बर्फाशी आमचे काय देणेघेणे?’ हे खरे आहे की, आपल्या नद्यांत हिमनदीचे पाणी नाही. परंतु आपला शेजारी कोण, हा प्रश्न आपल्या वाचकांस नवा नाही. तपोवनच्या बोगद्यातील मजूर, चुंगथांगचा दुकानदार आणि बद्री-केदारच्या वाटेवर घोडा हाकणारा पोर ह्यांनी तापलेल्या हवेत आपल्याइतकी भर घातलेली नाही. तरीही डोंगर त्यांच्या डोक्यावर आहे.

काही साध्या गोष्टी आपल्या हाती निश्चितच आहेत. बंगळूरच्या नळाला येणारे कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर दूरून आणि जवळजवळ ५०० मीटर उंच चढवून आणावे लागते. त्यासाठी अहोरात्र पंप चालतात आणि आपल्याकडील पुष्कळशी वीज अजून कोळशावर बनते. तेव्हा तेथील गृहिणी गळका नळ दुरुस्त करते, तेव्हा ती पाण्याबरोबर कोळसाही वाचवत असते. मार्च २०२४ मध्ये त्या शहराने पाण्याची जी तीव्र टंचाई अनुभवली, तिने हा धडा पुरेसा शिकवला आहे. एका नळाने हिमनदी वाचणार नाही हे मान्य. परंतु ज्या सवयींच्या एकत्रित भाराने ती आटत आहे, त्यांतीलच ही एक सवय आहे.

तुम्ही हिमालयात यात्रेला किंवा पदभ्रमणाला जाणार असल्यास पुढील गोष्टी ध्यानात ठेवा. नदीच्या पात्रात किंवा अगदी काठावर तंबू ठोकू नका. नदीचे पाणी एकाएकी कमी झाले, गढूळ झाले किंवा वरून सतत गडगडाट येऊ लागला, तर कारण शोधत थांबू नका. नदीच्या दिशेने खाली पळू नका. बाजूच्या उतारावर उंच चढा आणि इतरांना हाका मारा. हिमनदीच्या मुखापाशी, बर्फाच्या गुहेत किंवा हिमकड्याच्या पायथ्याशी छायाचित्रासाठी जाऊ नका. पेरितो मोरेनो येथे १९६८ ते १९८८ ह्या काळात उडालेल्या हिमखंडांनी ३२ माणसांचा बळी घेतला. आज प्रेक्षकांना दूरच्या सज्जांवर उभे करतात त्याला हेच कारण आहे. स्थानिक लोक एखादी जागा धोक्याची म्हणत असल्यास त्यांच्या शब्दाला मान द्या. त्यांची नजर पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

शिवाय, हिमकडा कोसळतानाची एखादी चित्रफीत तुमच्या फोनवर आली तर ती पुढे पाठवण्याआधी क्षणभर थांबा. ती कोठली, केव्हाची आणि खरी आहे काय, हे पाहा. दुसऱ्याच देशातील जुने दृश्य आजच्या दुर्घटनेच्या नावाने फिरवल्यास खरा इशाराही खोटा वाटू लागतो. वारंवार खोटी हाळी देणाऱ्या जागल्यासाठी गाव उठत नाही.

पाहणे आणि सांगणे

२०२५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी हिमनद्यांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले आणि तेव्हापासून २१ मार्च हा जागतिक हिमनदी दिन ठरला. दिवस पाळणे चांगलेच आहे. परंतु कड्याची भेग दिनदर्शिका पाहून रुंदावत नाही. ती वर्षातील सर्व दिवस रुंदावत असते.

पुढच्या वेळी तुम्ही बर्फाचा बुरुज पाण्यात कोसळताना पाहाल, तेव्हा त्याच्या भव्यतेने अवश्य थक्क व्हा. तसे होणे माणसाला साजेसेच आहे. पण त्याबरोबर त्या आधीच्या वर्षांचाही विचार करा. नकाशावर नकाशा ठेवून मोजणाऱ्या अभ्यासकाचा विचार करा. आणि डोंगरावरून पुनःपुन्हा फोन लावणाऱ्या त्या आईचा विचार करा. तिच्या हाती अवघी काही मिनिटे होती, आणि ती तिने वाया घालवली नाहीत. आपल्या हाती अजून त्याहून अधिक वेळ आहे. तो आपण कसा वापरणार?

तुम्ही कसे उत्तर द्याल?

• हिमनदीचा कडा तुटणे केव्हा स्वाभाविक असते आणि केव्हा चिंतेचे?

• हिमनदीच्या मुखापाशी साचलेले सरोवर स्वतःच कसे वाढत जाते?

• बंगळूरमध्ये बसून हिमालयातील बर्फावर कशा प्रकारे नजर ठेवली जाते?

• चामोली, दक्षिण ल्होनाक व ब्लाटेन ह्या तीन ठिकाणी इशाऱ्याच्या साखळीतील कोणती कडी निसटली अथवा टिकली?

• तुमच्या घरी, प्रवासात आणि फोन हाताळताना तुम्ही कोणता एक बदल करू शकता?